लोंबता धागा

...आणि वर मलाच म्हणतात, शांत व्हा! अहो, कसा होऊ शांत? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं शिंपीकाम करतोय मी. माप देताना श्वास कोंडून पोट आत ओढून धरणारी माणसं, आणि आठवड्याने "पँट घट्ट शिवलीत" म्हणून माझ्याच अंगावर येणारीही तीच माणसं, त्यांनासुद्धा कधी उलटून बोललो नाही. तोंडात टाचण्या असतात ना, बोलणार कसं? पण त्या उतरणीवर त्या बोटभर फुलाची जी दशा झालेली पाहिली... जाऊ दे. नाही, जाऊ दे कसं? सांगतोच. फुलांबद्दल माझी काही तक्रार नाही, बरं का. माझी तक्रार आहे ती माणसांबद्दल.

आधी ताईचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका फुलापायी हा माणूस एवढा का तडतडतोय. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेत जीवशास्त्र शिकवायची. आता निवृत्त, आणि गेल्या वर्षी खुबा मोडल्यापासून खिडकीशेजारच्या पलंगावर. तर सव्वीस वर्षांपूर्वी मुलींची सहल घेऊन गेली असताना हिला एक फूल दिसलं. पान नाही, हिरवा रंग औषधालासुद्धा नाही, जमिनीतून सरळ वर आलेला फिकट देठ आणि त्याच्या टोकाला मान खाली घालून उभं असलेलं एकच जांभळं फूल. आत पिवळा ठिपका. हिने वहीत चित्र काढलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या प्राध्यापकांना नेऊन दाखवलं. आता ते प्राध्यापक कसे, तर चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान वर करायची नाही, नुसते डोळे वर... "बाई, हे फूल या भागात नाही. कधीच नव्हतं. चित्र काय हो, चित्र कोणीही काढतं. फुलाचा फोटो आणा, फळाचा फोटो आणा," आणि आणखी एक कसलातरी फोटो सांगितला होता, तो काही माझ्या लक्षात राहिला नाही, येईल पुढे... "मग बोलू." हे शाळेत कळलं. शिक्षकांच्या खोलीत ही आली की कोणीतरी हळूच म्हणायचं, "काय बाई, आज काय दिसलं?" वर्षानुवर्षं! मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली तरी निरोपाच्या भाषणात एकाने त्या फुलावर विनोद केलाच. ही हसली. घरी येऊन ती वही कपाटाच्या तळाशी घातली, आणि मी समोर बसलो होतो, मला म्हणाली, "मला दिसलं होतं रे." एवढंच म्हणाली. आता तुम्हीच सांगा, तक्रार माणसांबद्दल नको तर कोणाबद्दल असावी?

म्हणून, तिच्यासाठी म्हणून, मी जुना का होईना, एक कॅमेरा घेतला आणि रानफूल मंडळात शिरलो. शिरलो म्हणजे काय, पश्चात्तापाची सुरुवात केली. अकरा माणसं, दर रविवारी पहाटे निघायचं, आणि तुम्हाला वाटेल फुलं बघायची असतील. छे! कोणी फुलाकडे बघत नाही. सगळे एकमेकांच्या कॅमेऱ्याकडे बघतात. "लेन्स कुठली हो?" "स्टँड बदललात वाटतं?" आमचे एक दंतवैद्य आहेत, कपाळावर दिवा बांधून येतात, दवाखान्यातलाच, आणि पोटावर पडून फुलाच्या आत असा उजेड मारतात, वाटतं आता म्हणणार, आ करा, मोठा आ करा. आणि एखाद्याला काही वेगळं सापडलं की बाकीच्या दहांचे चेहरे बघा. तोंडाने "वा, वा," आणि पोटात मुरडा.

बरं, दोन वर्षं या मंडळाबरोबर ओढे तुडवले, कपारी धुंडाळल्या, गुडघ्यांना माती, मानेला मुंग्या, आणि ते फूल सापडलं कुठे? बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागे. तिथल्या पहारेकऱ्यांचे गणवेश द्यायला गेलो होतो. आता कारखान्यामागे मी कशाला गेलो, हे सगळे विचारतात. सकाळच्या वाऱ्याला गेलो होतो असं मी सांगतो. तुम्ही आपलेच आहात, कारखाना बंद, नळ बंद, संडासाला कुलूप, माणूस आडोशाला जाणार नाही तर काय करणार? भिंतीमागे गेलो, उतरणीवर नजर टाकली... आणि जागच्या जागी उभा राहिलो. ज्या कामाला गेलो होतो ते काम विसरलो. तेच! पान नाही, हिरवा रंग नाही, मान खाली. ताईच्या वहीतून उठून कोणीतरी तिथे नेऊन रोवल्यासारखं.

लगेच ताईला फोन. फूल कसं दिसतंय ते एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "देठावर खवले आहेत का रे?" म्हटलं, आहेत. "पिवळा ठिपका?" म्हटलं, आहे. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि मग एकदम शाळा सुरू. "ऐक, नीट ऐक. हात मागे बांध आधी." हे तिचं लहानपणापासूनचं. कोणाच्या घरी गेलो की दारातच मला हात मागे बांधायला लावायची, कारण माझ्या हातांना स्वस्थता नाही. "कशालाही हात लावायचा नाहीस. त्याला पान नाही, म्हणजे ते स्वतःचं अन्न स्वतः..." आता हिला एकदा शिकवायला सुरुवात करू दिली की तास संपल्याची घंटा होईपर्यंत सुटका नाही, आणि इकडे माझी ती अडचण तशीच उभी! मी म्हटलं, "कळलं गं ताई." "अरे, पूर्ण ऐक, त्याच्या आजूबाजूला..." "कळलं, कळलं. फुलाला हात लावत नाही. ठेवतो." आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मंडळाला ताप आल्याचं कळवून मी बायकोला घेऊन गेलो. तिला कशाला, तर छत्री धरायला. फुलावर सावली हवी ना, उन्हात जांभळा रंग पांढरा पडतो. ही आपली एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाईल, मुलीला फोटो पाठवतेय, "बघ, तुझे बाबा जमिनीवर लोळतायत." म्हटलं, छत्री नीट धर, हा इतिहास आहे. ही म्हणते, "इतिहासाला म्हणावं लवकर आटप, माझा हात दुखतोय."

फूल सुंदर. तक्रारच नाही. पण शेजारी काय होतं माहितीये? एक झुडूप. गुडघ्याएवढं, राखाडी, काटेरी, अर्धं वाळलेलं, कुठूनही फांदी कुठेही गेलेली, उसवलेल्या उशीसारखं. कॅमेऱ्यातून बघितलं की फुलामागे सगळा तोच गबाळा कारभार. आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. माझ्या दुकानातून कपडा बाहेर जातो ना, त्याच्यावर एक सुटा धागा दिसला तर मी दुकानाचं नाव बदलेन. लग्नात नवऱ्यामुलाच्या कोटाचा धागा मी फोटो चालू असताना कापलाय! खिशात छोटी कात्री कायम. आणि हे असलं ध्यान त्या फुलाच्या मागे उभं? सव्वीस वर्षांनी ताईच्या हातात फोटो जाणार आणि त्यात हा कचरा? फुलाला मी बोटसुद्धा लावलं नाही, शब्द म्हणजे शब्द. पण झुडूप धरलं बुडाशी, आणि काढलं. मुळासकट. मातीत एक बारीक पांढरा धागा लोंबत राहिला होता झुडपाच्या मुळापासून फुलाकडे गेलेला, तोही कच्चकन कापला. माती हाताने सारखी केली. सफाई म्हणजे सफाई. मग फुलाशेजारी मापाची पट्टी ठेवली, आणि असा फोटो काढला, असा फोटो, की वाटावं फूल काळ्या मखमलीवर उभं आहे.

ताईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "तेच आहे." पुढे काही नाही. मी ते दोन शब्द दिवसभर उघडून उघडून वाचले. गिऱ्हाईकाच्या बाह्या उलट्या जोडल्या त्या दिवशी.

आणि इथे मी चूक केली. हो, चूक मान्य करतो, मी काही तसला माणूस नाही. तो फोटो मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. "वा, वा" आले. आणि मग एकेकाचे खाजगीत फोन. "कुठे हो? कोणाला सांगणार नाही." तुम्हाला सांगतो, "कोणाला सांगणार नाही" असं ज्याने म्हटलं त्याने फोन ठेवायच्या आत तिघांना सांगितलेलं असतं. आणि मी, मूर्ख, दंतवैद्याला सांगितलं. का? कारण दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने मला "लेन्स कुठली" न विचारता "सापडलं कसं" विचारलं. विरघळलो.

झालं! बुधवारपर्यंत त्या उतरणीवर जत्रा. मी पट्टी घेऊन रोज राखणीला, दुकान बंद. दंतवैद्य पोटावर पडून दिवा मारतायत. मंडळातलंच एक जोडपं आलं, त्यातली ती म्हणते, "एवढंच? मला वाटलं मोठं असेल." एकजण फवारा घेऊन आला, फुलावर पाण्याचे थेंब मारायला, म्हणे दव पडल्यासारखं दिसतं! दुपारी दोन वाजता दव? मी ओरडतोय, "लांबून! लांबून बघा! हात मागे!" आणि पहारेकरी मला म्हणतो, "साहेब, जरा शांत व्हा." मी शिवलेला गणवेश घालून मलाच!

नवव्या दिवशी फुलाच्या जागी फळ दिसायला हवं होतं. फळाचा फोटो काढला की ताईचं काम फत्ते. गेलो. आणि काय बघतो... देठ काळा पडलेला. आडवा. फळाचा पत्ता नाही. नुसता वाळून, सुकून, शिलाई उसवलेल्या नाडीसारखा मातीवर पडलेला.

मग मात्र माझ्यातला शिंपी गेला आणि तोंडातल्या टाचण्याही गेल्या. ग्रुपवर लिहिलं. काय लिहिलं ते सगळं सांगत नाही, बायकोने नंतर वाचलं आणि पाण्याचा पेला आणून दिला. फवारेवाल्याला लिहिलं, तू ते बुडवून मारलंस. जोडप्याला लिहिलं, तुमचे पाय मोठे आणि अक्कल लहान. आणि दंतवैद्याला, "तुमच्या दिव्याने फूल भाजलं. दात उपटता उपटता तुम्हाला जिवंत काही बघवेनासं झालंय. खुनी." हो, खुनी लिहिलं. चौघांनी मंडळ सोडलं. दंतवैद्याने दोनच शब्द लिहिले, "वाईट वाटलं." आणि तेही गेले. मी म्हटलं, गेले तर गेले. फुलांबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार माणसांबद्दल!

आता खरं कठीण काम, ताईला सांगणं. फोनवर धीर होईना. गेलो घरी, बरोबर बायको. ताई पलंगावर, मांडीवर ती वही, कपाटाच्या तळातून काढलेली, आणि माझ्या फोटोची मोठी प्रत. मी सगळं सांगितलं, फवारा, दिवा, जोडपं, एकूण एक. ती ऐकत होती, पण बघत होती फोटोकडे. मग म्हणाली, "याच्या शेजारी काय होतं रे?"

म्हटलं, "शेजारी? काही नव्हतं. मोकळी जमीन."

"काही नव्हतं असं होणार नाही. याला स्वतःचं अन्न करता येत नाही. हे दुसऱ्याच्या मुळांतून घेतं. कोणाच्या, तेच तर मला सव्वीस वर्षं कळलेलं नाही. तेच कळलं असतं तर शोधायचं कुठे ते कळलं असतं. फोनवर सांगत होते ना तुला, आजूबाजूचं काही हलवू नकोस म्हणून."

तो तिसरा फोटो! प्राध्यापकांनी मागितलेला, ज्याच्या मुळांवर ते जगतं त्याचा. म्हटलं होतं ना, येईल पुढे. आला.

माझ्या डोळ्यांसमोर तो पांढरा धागा. लोंबता. तुम्हाला सांगतो, आयुष्यात हजारो धागे कापले असतील, एकाचीही आठवण नाही, पण तो धागा कात्रीत कसा आला, कसा किंचित ओलसर होता, सगळं आठवलं. मी म्हणणार होतो, काही नव्हतं. खरंच म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

आणि आमची बायको, छत्री धरायला आणलेली बायको, म्हणते, "काही नव्हतं कसं? अहो, तुम्हीच नाही का ते काटेरी उपटलंत? थांबा ताई, माझ्याकडे आहे." आणि मोबाईल काढला. मुलीला पाठवलेला फोटो. वाकडा, हललेला, कोपऱ्यात छत्रीची काडी. पण सगळं आहे त्यात. फूल आहे. झुडूप आहे, अर्धं वर आलेलं. झुडपापासून फुलाकडे गेलेला पांढरा धागा आहे. आणि झुडूप बुडाशी धरून, ओणवा, कॅमेऱ्याकडे पाठ, पाठ कसली, पाठीच्या खालचा भाग करून मी आहे. पँटची मधली शिवण उसवलेली. माझ्या! शिंप्याच्या!

ताईने ओरडायला हवं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी ऐकून घेतलं असतं. पण तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, बोटांनी झुडूप मोठं केलं, माझा तो भाग कडेला सरकवला, आणि खूप वेळ बघत राहिली. मग तिचे डोळे भरले आणि तोंडाने हसू, दोन्ही एकदम. "हे झुडूप! अरे, हे तर मी सव्वीस वर्षं ओलांडून जात होते. मी गवतात शोधत होते रे." आणि माझा हात धरला. तोच हात, कात्रीवाला.

मला तोंड दाखवायला जागा नव्हती. बरं, तोंडावरून आठवलं, त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली. ठणका असा की कान सुन्न. आता गावभर एकच चांगला दंतवैद्य, आणि त्याला मी खुनी म्हटलेलं. तीन दिवस लवंग चावली. चौथ्या दिवशी गेलो. खुर्चीत बसून म्हटलं, "डॉक्टर, ते मी... म्हणजे ते मीच..." त्यांनी कपाळावरचा तोच दिवा लावला, यंत्र हातात घेतलं आणि म्हणाले, "आ करा. आज फक्त मी बोलणार." आणि अर्धा तास बोलले. लेन्सबद्दल.

ताईने तो हललेला फोटो कॉलेजात पाठवला. ते जुने प्राध्यापक आता नाहीत, त्यांच्या जागी एक तरुण बाई आहेत, त्या स्वतः ताईच्या घरी आल्या, पलंगाशेजारी बसल्या, वहीतलं चित्र बघितलं, आणि "बाई" नाही म्हणाल्या, "मॅडम" म्हणाल्या. फळ बघितल्याशिवाय नाव पक्कं होणार नाही, पण माती न उकरता पुढच्या हंगामात नक्की शोधू, म्हणाल्या, तशी अजून चार झुडपं आहेत त्या उतरणीवर. ताई वॉकर धरून जायचं म्हणतेय. मला बरोबर नेणार आहेत, एका अटीवर. कात्री घरी.

आणि त्यांच्या पत्रिकेत छापून आलंय सगळं. ताईच्या नावाने. माझा मखमलीवरचा फोटो नाही घेतला. "यात माहिती काहीच नाही," म्हणाल्या. घेतला तो बायकोचा. अख्खं पान. त्यावर बाण काढून आकडे घातलेत आणि खाली ओळ दिलीय, एक, फूल. दोन, ज्याच्या मुळांवर ते जगतं ते झुडूप. तीन, जोडणारं मूळ. चार, माणूस.

छापायच्या आधी ताईचा फोन आला होता. "अरे, चार नंबरला तुझं नाव घालू का?"

मी म्हटलं, "नको ताई. माणूस एवढंच राहू दे. तक्रार त्याच्याबद्दलच आहे."